सोरा म्हणजे काय, तो मातीतून कसा निघे आणि आज कुठे लागतो

प्रश्न असा आहे: तोफांच्या दारूसाठी ‘सोरा’ लागत असे, असे इतिहासात वाचायला मिळते. हा नेमका कोणता पदार्थ? तो मातीतून कसा काढत? आणि आज खताच्या पोत्यावर, दातांच्या पेस्टवर, मांसाच्या डब्यावर ‘पोटॅशियम नायट्रेट’ लिहिलेले असते, ते म्हणजे हाच सोरा का?

हो, हाच. पण नावांचा गोंधळ आधी निस्तरायला हवा, कारण सोऱ्याबद्दलचे निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. खरा सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. शुद्ध केल्यावर त्याचे लांब काड्यांसारखे स्फटिक पडतात, म्हणून त्याला कलमी सोरा म्हणतात. आयुर्वेदातल्या ग्रंथांत तो सूर्यक्षार या नावाने भेटतो. चिली सोरा म्हणजे सोडियम नायट्रेट, आणि नॉर्वे सोरा म्हणजे १९०५ पासून नॉर्वेत विजेच्या ज्योतीतून हवेतला नायट्रोजन बांधून बनवलेले कॅल्शियम नायट्रेट. जुन्या ओलसर भिंतीवर पांढरा फुलोरा येतो, ज्याला आपण लोणा लागला म्हणतो, त्यात कधी कॅल्शियम नायट्रेट असते, कधी नुसते मीठ, तर कधी सल्फेट. तेव्हा लोणा दिसला की सोरा सापडला असे होत नाही. नवसागराचा तर सोऱ्याशी काहीच संबंध नाही; तो अमोनियम क्लोराइड.

ओळखायची जुनी रीत आजही चालते. चिमूटभर पूड लालभडक निखाऱ्यावर टाकली की नायट्रेट असेल तर निखारा त्या जागी एकदम उजळतो आणि फरफरत जळतो. मीठ तडतडते, पण निखाऱ्याची धग वाढवत नाही. ज्योतीचा रंग जांभळट आला तर पोटॅशियम, पिवळा आला तर सोडियम. चीनमध्ये ताओ होंगजिंग या वैद्याने इ.स. ५००च्या सुमारास जांभळ्या ज्योतीची ही खूण नोंदवून ठेवली आहे, कारण दिसायला सारखे असणारे दुसरे क्षार औषधात मिसळले जात. या परीक्षेत फसगत एकाच कारणाने होते: थोडेसे जरी सोडियम सोबत असले तरी त्याचा पिवळा रंग जांभळ्याला झाकून टाकतो. कोबाल्टच्या निळ्या काचेतून ज्योत पाहिली की पिवळा गाळला जातो आणि जांभळी छटा उरते.

सोऱ्याचा सगळा इतिहास आणि सगळे उपयोग त्याच्या तीन गुणांवर उभे आहेत. पहिला, वजनाचा ४७ टक्क्यांहून थोडा जास्त भाग ऑक्सिजन असतो आणि तो तापल्यावर सुटतो. दुसरा, गरम पाण्यात तो भरपूर विरघळतो आणि गार पाण्यात फार कमी. तिसरा, शुद्ध असेल तर तो हवेतली ओल सहसा ओढत नाही. पहिल्या गुणाची चर्चा सगळे करतात. पण सोरा काढणाऱ्याची खरी विद्या दुसऱ्या गुणात होती, आणि राजांना सोराच का हवा, दुसरे नायट्रेट का नको, याचे उत्तर तिसऱ्यात आहे.

आधी तो मातीत येतो कुठून ते पाहू. शेण, मूत्र, कुजका पाला यांतल्या नायट्रोजनचा आधी अमोनिया होतो. मातीतले एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. हे काम सजीवांचे आहे हे श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखवले. सांडपाणी वाळूतून मुरवले की नायट्रेट मिळे. त्याच वाळूला क्लोरोफॉर्मची वाफ दिली की ते थांबे. जीवाणू वेगळे काढून दाखवले ते विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने, १८९०च्या सुमारास. या जीवाणूंना हवा लागते, ऊब लागते, बेताची ओल लागते आणि तयार होणारे आम्ल मारायला चुना किंवा राख लागते. ओल जास्त झाली, हवा कोंडली, की दुसऱ्याच जातीचे जीवाणू जोर धरतात आणि तयार झालेले नायट्रेट फोडून नायट्रोजन हवेत सोडून देतात. युरोपात सोऱ्याचे ढीग रचत (माती, शेण, पेंढा, राख, जुन्या भिंतींचा चुना, वर मूत्र), ते बहुधा याच कारणाने फसत. वर छप्पर नसेल तर पाऊस नायट्रेट धुऊन नेई, ढीग वेळच्या वेळी उकरला नाही तर आत हवा जात नसे. सगळे नीट केले तरी ढीग पिकायला दोन-तीन वर्षे लागत.

बिहारमध्ये हेच काम निसर्ग आणि गाव मिळून करत होते. दाट वस्ती, दारात गुरे, मातीच्या भिंती, चुन्याची जमीन, पावसाळ्यात मुरलेली ओल आणि त्यानंतर सलग कोरडे, उबदार महिने. जमीन सुकताना आतले पाणी केशाकर्षणाने (दिव्याच्या वातीत तेल चढते तसे) वर येते आणि नायट्रेट पृष्ठभागावर ठेवून उडून जाते. तो पांढुरका थर खरवडून गोळा करणे हा नुनिया समाजाचा पिढीजात धंदा होता. एकाच जागेवर तो थर पुन्हा पुन्हा धरे, कारण कारखाना जमिनीखाली चालूच असे.

आता माती ते स्फटिक. मातीचा एक उथळ हौद करत, तळाशी बांबूची जाळी, तिच्यावर चटई किंवा पेंढा, त्यावर राखेचा थर, आणि वर खरवडलेली माती पायांनी दाबून बसवलेली. वरून पाणी सोडले की ते मातीतून झिरपत, क्षार घेऊन, खालच्या भोकातून मडक्यात ठिबकत येई. इथे हाताचा अंदाज लागे. माती सैल राहिली तर पाणी एखादी वाट धरून सरळ खाली जाते आणि बाकीची माती न धुताच राहते. जास्त दाबली तर पाणी वरच साचून राहते. पहिला निचरा सर्वांत दाट, नंतरचा पातळ होत जातो. पातळ निचरा उकळण्यात सरपण वाया जाते, म्हणून तो टाकून न देता पुढच्या ताज्या मातीवर सोडायचा. सरपणाचा खर्च हीच या धंद्याची खरी किंमत होती. त्यामुळे पाणी जितके कमी आणि निचरा जितका दाट, तितका नफा.

राखेचा थर नुसता गाळणीसाठी नसतो. मातीत बहुतेक नायट्रेट कॅल्शियमच्या रूपात असते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. दोन्ही भेटले की कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसते आणि पाण्यात पोटॅशियम नायट्रेट उरते. १३व्या शतकाच्या उत्तरार्धात सिरियातल्या हसन अल्-रम्माह याने राख घालून सोरा शुद्ध करण्याची रीत लिहून ठेवली आहे. त्या भागात सोऱ्याला ‘चीनचे बर्फ’ म्हणत. राख कमी पडली तर कॅल्शियम नायट्रेट तसेच राहते आणि ते दमट हवेत अक्षरशः पाझरते. राख अति झाली तर उरलेले पोटॅशियम कार्बोनेट तेच करते. दोन्हीकडून माल ओलाच होतो, फक्त कारण वेगळे. म्हणून राख थोडी थोडी घालायची, प्रत्येक वेळी थोडा निचरा गाळून घेऊन त्यात राखेच्या पाण्याचे दोन थेंब टाकून बघायचे, आणि पांढरा गढूळपणा यायचा थांबला की हात आवरायचा.

मग उकळणे, आणि इथेच दुसरा गुण कामाला येतो. १०० मिलिलिटर पाण्यात सोरा शून्य अंशाला साधारण १३ ग्रॅम विरघळतो, २० अंशांना ३२ ग्रॅमच्या आसपास, ६० अंशांना ११० आणि उकळत्या पाण्यात जवळजवळ २४५ ग्रॅम. साधे मीठ मात्र शून्य अंशाला ३६ आणि उकळत्या पाण्यात ३९. म्हणजे त्याला गरम-गार सारखेच. या फरकाचा दोन्ही टोकांना फायदा घेतात. उकळून पाणी आटत गेले की आधी मीठ तळाशी पडते, कारण त्याची मर्यादा लवकर संपते. सोरा मात्र पाण्यातच राहतो. ते मीठ झाऱ्याने काढून टाकायचे. मग एक थेंब थंड धातूच्या पत्र्यावर टाकून बघायचा. क्षणात सुया धरल्या तर उकळणे पुरे. या टप्प्यावर वरचा नितळ द्राव पसरट भांड्यात ओतून गार करायचा. आता उलटे होते: सोरा बाहेर पडतो आणि उरलेसुरले मीठ पाण्यात राहते.

आकड्यांत बघू. दोन किलो कच्चा माल घेतला, त्यात १.८ किलो सोरा आणि २०० ग्रॅम मीठ आहे. एक लिटर उकळत्या पाण्यात तो सगळा विरघळतो. २० अंशांपर्यंत गार केल्यावर त्या पाण्यात साधारण ३२० ग्रॅम सोरा मावतो, म्हणजे सुमारे दीड किलो बाहेर पडतो. मिठाची मर्यादा ३६० ग्रॅमच्या आसपास असल्यामुळे २०० ग्रॅम मीठ पूर्ण पाण्यातच राहते. एका फेरीत इतकी शुद्धी देणारे क्षार फार थोडे आहेत. मिश्र द्रावणात आकडे थोडे हलतात, पण हिशेब हाच. उरलेला द्राव फेकायचा नाही. त्यात तीनशे ग्रॅम सोरा आहे, तो पुढच्या फेरीत घालायचा. मात्र तेच पाणी बऱ्याच फेऱ्या फिरवले की त्यात मीठ साठत जाते आणि एका फेरीला ते सोऱ्याबरोबर बाहेर पडू लागते. तेव्हा ते पाणी वेगळे आटवून आधी मीठ काढून घ्यावे लागते.

गार करताना एक गोष्ट डोळ्यांना फसवते. द्राव न हलवता संथ गार केला की बोटभर लांब, देखणे, पारदर्शक स्फटिक येतात आणि माल उत्तम झाला असे वाटते. प्रत्यक्षात मोठ्या स्फटिकांच्या आत खारट द्रावाच्या बारीक पोकळ्या अडकतात, आणि तो द्राव कितीही धुतला तरी निघत नाही. उलट गार होताना सतत ढवळत राहिले की पिठासारखा बारीक सोरा पडतो. दिसायला तो साधा असतो, पण आत काही अडकलेले नसते. दारूच्या कारखान्यांत म्हणूनच ढवळून पाडलेला बारीक सोरा वापरू लागले. तो धुवायचा कशाने? साध्या पाण्याने धुतले तर मालच विरघळून जातो. म्हणून शुद्ध सोऱ्याच्या गार, संपृक्त द्रावणाने धुवायचे. त्यात आणखी सोरा मावत नाही, पण मीठ मावते. त्यामुळे कणांवर चिकटलेले मीठ तेवढे निघून जाते. शेवटी धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरट ढग येतो का पाहिले की मीठ किती उरले ते कळते. व्यापारात सोऱ्यातल्या अशा भेसळीच्या टक्केवारीला ‘रिफ्रॅक्शन’ म्हणत, आणि भाव त्यावर ठरे. पाच रिफ्रॅक्शन म्हणजे शंभर भागांत पाच भाग सोरा नसलेला.

एवढा खटाटोप का? कारण बंदुकीच्या दारूत वजनाने सुमारे तीन चतुर्थांश सोराच असतो. कोळसा आणि गंधक त्यातल्या ऑक्सिजनवर जळतात. दारूचे सर्वांत जुने लिखित पाठ चीनच्या १०४४च्या ‘वूजिंग झोंगयाओ’ या लष्करी ग्रंथात मिळतात. कोळसा कुठेही होतो, गंधक विकत मिळते. अडत असे ते सोऱ्यावाचून.

इंग्लंडची अवस्था यात फार बोलकी आहे. एलिझाबेथ राणीने १५६१ मध्ये गेरार्ड होनरिक नावाच्या जर्मन माणसाकडून सोरा बनवण्याची कृती ३०० पौंडांना विकत घेतली. राजाज्ञा घेतलेले सोरेवाले लोकांचे गोठे, कबुतरखाने आणि घरांच्या जमिनी खणत. १६२६ मध्ये पहिल्या चार्ल्सने माणसांचे आणि जनावरांचे मूत्र साठवून ठेवायचा हुकूम काढला. लोकांचा संताप इतका वाढला की १६५६ मध्ये मालकाच्या संमतीशिवाय खणायला बंदी करावी लागली. ही बंदी त्यांना परवडली ती बिहारच्या सोऱ्यामुळे. पाटण्याच्या आसपास डच आणि इंग्रज दोघांच्या वखारी होत्या. जड सोरा जहाजाच्या तळाशी निरमाचे, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या वजनाचे, काम करी आणि वर कापड भरले जाई, म्हणजे वाहतूक जवळजवळ फुकट. १६९३च्या सनदेत इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीवर दरवर्षी ५०० टन सोरा सरकारला पुरवायची अट होती. प्लासीनंतर, १७५८ मध्ये, कंपनीने बंगालचा नवाब मीर जाफर याच्याकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. आणि मग फ्रेंच, डच या प्रतिस्पर्ध्यांना सोरा किती द्यायचा हे कंपनी ठरवू लागली. माझ्या मते प्लासीच्या परिणामांत महसुलाइतकेच वजन या मक्त्याला द्यायला हवे, कारण युद्धाचा कच्चा माल एका हाती आला.

फ्रान्सने दुसरी वाट धरली. १७७५ मध्ये दारूचे खासगी कंत्राट मोडून सरकारी व्यवस्था आली आणि तिच्या चार प्रमुखांपैकी एक होता रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिये. सोऱ्याचे ढीग, गाळणी, शुद्धीकरण या सगळ्याचे मोजमाप होऊन उत्पादन वाढले. १७९३-९४ च्या युद्धात समुद्रमार्गे सोरा येणे बंद झाले तेव्हा पॅरिसचे नागरिक आपापल्या तळघरांच्या भिंती आणि माती धुऊन सोऱ्याचे पाणी देत होते. त्याच १७९४च्या मे महिन्यात लव्हाझियेचा शिरच्छेद झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१च्या अखेरीस, उत्तरेच्या सरकारसाठी लॅमोट ड्यू पाँ हा अमेरिकन दारू-कारखानदार लंडनमध्ये भारतीय सोरा खरेदी करत होता. इंग्लंडशी तंटा पेटताच ब्रिटिश सरकारने तो माल अडवला आणि तंटा मिटल्यावरच सोडला.

बिहारचा धंदा मोडला तो चिलीच्या अटाकामा वाळवंटामुळे. तिथे ‘कालिचे’ नावाच्या थरात सोडियम नायट्रेटचे डोंगर पडले होते. चिली सोरा स्वस्त, पण साधारण ७४ टक्के आर्द्रतेला तो पाणी ओढून पाझरू लागतो. पोटॅशियमचा सोरा ९० टक्क्यांच्या पुढे जाईपर्यंत कोरडा राहतो. म्हणून चिली सोरा सुरुंगाच्या दारूत चालला, तोफेच्या दारूत नाही. यावर उपाय पुन्हा विद्राव्यतेनेच दिला. सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड यांचा दाट द्राव उकळला की गरमात सर्वांत कमी विरघळणारा क्षार, म्हणजे मीठ, बाहेर पडते. गाळून गार केले की सोरा पडतो. जर्मनीत श्टासफुर्टच्या खाणींतून १८६० च्या दशकात पोटॅशियम क्लोराइड स्वस्तात मिळू लागले आणि सोरा कारखान्यात तयार होऊ लागला. आता गावाची माती खरवडायची गरज कोणाला राहिली नाही. चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांचे १८७९ ते १८८४ चे युद्ध या वाळवंटासाठीच झाले. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरने १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊला कारखाना सुरू झाला, अमोनियापासून नायट्रिक आम्ल करण्याची ओस्टवाल्डची रीत आधीच हाताशी होती. पहिल्या महायुद्धात चिलीची वाट बंद होऊनही जर्मनीचा दारूगोळा चालू राहिला तो यामुळे.

आता उपयोग. लोक विसरलेला एक आधी सांगतो: थंड पाणी. सोरा विरघळताना उष्णता शोषतो. ‘ऐने अकबरी’त अबुल फजलने कृती दिली आहे. एक शेर पाणी धातूच्या सुरईत भरून तोंड बंद करायचे. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकून त्यात ती सुरई पाव तास फिरवायची. प्रमाण विचारपूर्वक ठरवलेले दिसते: १०० भाग पाण्याला ५० भाग सोरा, म्हणजे उन्हाळ्याच्या पाण्यात मावेल त्याहून थोडा जास्तच. पाणी गार होत जाते तशी सोरा विरघळण्याची मर्यादाही उतरते, म्हणून ही थंडाई आपोआप थांबते. ३० अंशांच्या पाण्यापासून सुरुवात केली तर तापमान १० ते १५ अंशांनी उतरते, बर्फ होत नाही. नंतर पाणी उडवून सोरा परत मिळतो.

हाच गुण आज ठिबक सिंचनाच्या खत-टाकीत त्रास देतो. पोटॅशियम नायट्रेटचे खत १३:०:४५ या आकड्याने ओळखले जाते: १३ टक्के नायट्रोजन, सगळा नायट्रेट रूपातला, आणि ४५ टक्के पालाश (पोटॅश). क्लोराइड जवळजवळ नसल्यामुळे क्लोराइड न सोसणाऱ्या पिकांना ते चालते. गाठोडे सोडून २० अंशांच्या पाण्यात लिटरला २०० ग्रॅम एकदम ओतले तर तक्त्याप्रमाणे ते विरघळायला हवे. पण विरघळता विरघळता पाणी १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरते, आणि तिथे मर्यादाच साधारण २०० वर येते. तळाशी थर राहतो, तो गाळणीत जाऊन बसतो आणि खत खराब आले अशी तक्रार होते. उपाय सोपा आहे. टाकी दोन तृतीयांश भरा, खत हप्त्याहप्त्याने घाला, ढवळा, पाणी पुन्हा हवेच्या तापमानाला येऊ द्या, मग बाकीचे पाणी. घाई असेल तर लिटरला १०० ग्रॅमवर थांबा. फवारणीला एक टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, हे सुरक्षित प्रमाण. भर उन्हात दाट फवारा मारला तर पानांच्या कडा करपतात.

आंब्याला मोहर आणण्यासाठी एक टक्क्याची फवारणी फिलिपिन्समध्ये रामोन बार्बा यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. ती उष्ण कटिबंधात चांगली लागू पडते, आणि फांद्यांवरचे डोळे पक्व असतील तरच. कोवळ्या पालवीवर मारली तर काही होत नाही. बियांची सुप्तावस्था मोडायला उगवण चाचणीत ०.२ टक्के द्रावण वापरतात. तिथे दाट केल्याने उगवण वाढत नाही, उलट कोंब भाजतो.

उद्योगात सोरा बहुधा वितळवून वापरतात. तो ३३४ अंशांना वितळतो आणि पाण्यासारखा पातळ होतो. मोबाइलची काच कणखर करताना ती ४०० अंशांच्या पुढे तापलेल्या सोऱ्यात काही तास बुडवतात. काचेतले सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) बाहेर येतात, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे आयन घुसतात आणि पृष्ठभाग दाबाखाली येतो. बिघाड होतो तो सोडियम साठत गेल्यामुळे: टाकी तीच, वेळ तोच, पण काच हळूहळू कमी मजबूत निघू लागते. अशा वेळी तापमान वाढवून उपयोग नाही, क्षार बदलावा लागतो.

सूर्यऊर्जा केंद्रांत ६० भाग सोडियम नायट्रेट आणि ४० भाग सोरा असे मिश्रण २९० ते ५६५ अंशांमध्ये खेळवून उष्णता साठवतात. स्पेनच्या आंदासोल-१ केंद्रात असा २८,५०० टन क्षार आहे. २२० ते २४० अंशांच्या दरम्यान तो गोठू लागतो, म्हणून प्रत्येक नळीला तापवणारी तार गुंडाळलेली असते. एक झडप गार पडली तरी सगळी ओळ अडते.

पोलादाला पाणी देण्याच्या क्षारकुंडात ५३ टक्के सोरा, ४० टक्के सोडियम नायट्राइट आणि ७ टक्के सोडियम नायट्रेट हे मिश्रण सर्रास वापरतात. ते १४२ अंशांनाच वितळते. इथे जिवावरच्या चुका तीन आहेत. ओला किंवा तेलकट भाग बुडवणे. मॅग्नेशियमचे मिश्रधातू बुडवणे. सायनाइडच्या कुंडातून काढलेला भाग न धुता इथे आणणे, ज्याने स्फोट होतो. चौथी चूक कमी लक्षात येते. कुंड बंद केल्यावर गोठलेल्या क्षाराला दुसऱ्या दिवशी खालून ताव दिला की तळ वितळून फुगतो, वर कवच घट्ट असते, आणि शेवटी गरम क्षार कारंज्यासारखा उडतो. म्हणून गोठण्याआधी मध्यभागी निमुळता लोखंडी दांडा उभा करून ठेवतात. सुरू करण्यापूर्वी तो काढला की वाफेला आणि फुगणाऱ्या द्रावाला वाट मिळते.

दातांच्या पेस्टमध्ये ठणका कमी करायला पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असते. पोटॅशियमचे आयन दाताच्या सूक्ष्म नलिकांतून आत जाऊन मज्जातंतूला शांत करतात. ते साठत जावे लागतात, म्हणून फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात; चार दिवसांत सोडून देणाऱ्याला तो दिसत नाही.

मांस टिकवण्यात सोरा (खुणेचा क्रमांक ई २५२) स्वतः काहीच करत नाही. जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि ते नायट्राइट बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जीवाणूला रोखते आणि मांसाला गुलाबी रंग देते. पोलेन्स्के या जर्मन रसायनज्ञाने १८९१ मध्ये मुरवणीच्या पाण्यात नायट्राइट सापडल्याचे नोंदवले, तेव्हा हे उलगडत गेले. जीवाणूंच्या मर्जीवर प्रमाण ठरत असल्याने सोऱ्याचा परिणाम कधी कमी, कधी जास्त होतो. म्हणूनच आता बहुतेक ठिकाणी मोजून थेट नायट्राइट घालतात. सोरा उरला तो महिनोन्महिने सुकणाऱ्या मांसापुरता. नायट्राइटपासून जोराच्या आचेवर नायट्रोसअमाइन ही घातक द्रव्ये होऊ शकतात, तेव्हा अंदाजाने चिमूट टाकायचा हा पदार्थ नाही. नायट्रेटची दिवसाची स्वीकार्य मर्यादा शरीराच्या दर किलोला ३.७ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे २२० मिलिग्रॅम. तान्ह्या बाळांना जास्त नायट्रेटने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती घटण्याचा धोका असतो. सैनिकांची कामेच्छा कमी करायला जेवणात सोरा घालत, ही गोष्ट जगभर सांगतात. सोऱ्यात तसा कोणताही गुण नाही.

साठवताना लक्षात ठेवायचे ते असे. सोरा स्वतः पेट घेत नाही, पण शेजारच्याला पेटवतो. भुसा, कोळसा, गंधक, तेल, कीटकनाशके, रिकामी पोती यांपासून तो लांब, कोरड्या जागी ठेवा. सांडलेला सोरा झाडताना भुशाने टिपू नका, कारण ते मिश्रणच ज्वालाग्राही होते. फाटलेल्या पोत्यातला माल केराशी मिसळला असेल तर तो परत पोत्यात भरू नका. आग लागलीच तर कार्बन डायऑक्साइडचे किंवा फेसाचे नळकांडे कामाचे नाही, कारण हवा तोडून ही आग विझत नाही. ऑक्सिजन तिच्या पोटातच आहे. लांबून भरपूर पाणी मारायचे. वितळलेल्या क्षाराच्या कुंडावर मात्र पाणी कधीच नाही, तिथे कोरडी वाळू. आणि विकत घेताना पोत्यावरची प्रत वाचा: खताच्या प्रतीतला सोरा खाण्यात किंवा औषधात चालत नाही, कारण तो पिकासाठी शुद्ध केलेला असतो, पोटासाठी नाही.